रोमेरो संत झाले, पण लिबरेशन थिऑलॉजीचं काय झालं?

आडवाट

बरेच दिवस एक प्रश्न डोक्यात घोळतोय. इथे चर्चमध्ये वाढलेले लोक आहेत, डावे आहेत, उजवे आहेत, देव न मानणारेही आहेत, म्हणून इथेच टाकतो.

१४ ऑक्टोबर २०१८ ला रोममध्ये एल साल्वाडोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना संत घोषित केलं. त्या मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनाविधीला, पोप फ्रान्सिसनी कमरेला जो दोर बांधला होता तो रोमेरोंचा होता, त्यांना गोळी लागली त्या दिवशीचा, रक्ताच्या डागांसकट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २४ मार्च १९८० ला सान साल्वाडोरमधल्या एका कॅन्सर हॉस्पिटलच्या छोट्या चॅपलमध्ये मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली. आदल्याच दिवशी, रविवारच्या प्रवचनात ते सैनिकांना उद्देशून बोलले होते की तुम्ही आपल्याच शेतकरी भावांना मारताय, 'खून करू नको' या देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम कुठल्याही सैनिकाला बंधनकारक नाही, आणि शेवटी, देवाच्या नावानं तुम्हाला विनवतो, हुकूम देतो, ही दडपशाही थांबवा. हे सगळं रेडिओवरून देशभर ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते गेले.

आता मुद्दा. १९६८ मध्ये कोलंबियातल्या मेडेयिनला लॅटिन अमेरिकेतल्या बिशपांची परिषद झाली आणि तिथे चर्चनं पहिल्यांदा उघड म्हटलं की आमच्या खंडातली गरिबी हा अन्याय आहे, रचनाच अशी आहे की ती हिंसा ठरते. १९७१ मध्ये पेरूच्या गुस्ताव्हो गुतिएरेस यांचं पुस्तक आलं आणि लिबरेशन थिऑलॉजी, म्हणजे गरिबांची अन्यायातून मुक्ती हा श्रद्धेचाच भाग मानणारं धर्मशास्त्र, हे नाव जगभर गेलं. ७० च्या दशकात ब्राझीलमध्ये हजारो छोटे गट होते, त्यात शेतमजूर आणि मोलकरणी एकत्र बसून बायबल वाचायचे आणि पाण्याच्या नळापासून जमिनीच्या पट्ट्यापर्यंत सगळं बोलायचे. मग हे सगळं गेलं कुठे? माझं मत असं की गोळ्यांनी ही चळवळ जेवढी मोडली नाही तेवढी रोममधून झालेल्या बिशपांच्या नेमणुकांनी मोडली. तुम्हाला काय वाटतं?

केतकी

वाचतेय. विषय फारच वेगळा आणि जवळचा. सविस्तर लिहा सगळ्यांनी.

गिरीजकर

आडवाटभाऊ, मी वसईचा, कॅथलिक घरातला, त्यामुळे रोमेरोंचं नाव लहानपणापासून कानावर आहे. पण तुमच्या मांडणीत एक घोटाळा आहे. रोमेरो स्वतः लिबरेशन थिऑलॉजीवाले नव्हते हो. फेब्रुवारी १९७७ मध्ये ते आर्चबिशप झाले तेव्हा श्रीमंत कॉफीमळेवाले खूश झाले होते आणि गरिबांत काम करणारे फादर नाराज, कारण हा माणूस शांत, पुस्तकी, जुन्या वळणाचा. ओपस देई या परंपरानिष्ठ कॅथलिक संघटनेचे संस्थापक एस्क्रिव्हा यांना संत करावं म्हणून १९७५ मध्ये यांनीच रोमला पत्र लिहिलं होतं. ते बदलले ते पुस्तक वाचून नाही. १२ मार्च १९७७ ला त्यांचे मित्र, येसूसंघीय (जेझुइट) फादर रुतिलिओ ग्रांदे यांना आगिलारेसहून एल पाईस्नालला मिस्सेला जाताना रस्त्यात गोळ्या घातल्या, सोबत एक म्हातारा शेतकरी आणि एक पोरगा होता, तेही गेले. रोमेरो त्या रात्री मृतदेहांजवळ होते. पुढच्या रविवारी त्यांनी आख्ख्या आर्चडायोसिसमधल्या (आर्चबिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशातल्या) सगळ्या मिस्सा रद्द केल्या आणि कॅथेड्रलसमोर एकच मिस्सा ठेवली, सरकार आणि व्हॅटिकनचे राजदूत दोघेही नाराज झाले तरी. त्यांना शुभवर्तमानानं तिथे नेलं, मार्क्सनं नाही. म्हणून संत करताना त्यांच्यावर कुठला शिक्का मारू नये असं मला मनापासून वाटतं.

आणि रोमच्या बाजूनंही थोडं. १९८४ मध्ये रोममध्ये श्रद्धाविषयक खातं सांभाळणारे कार्डिनल रात्झिंगर (पुढचे पोप बेनेडिक्ट) यांनी जी सूचना काढली तिच्यात वर्गसंघर्षाची चौकट जशीच्या तशी उचलू नका एवढंच म्हटलंय, आणि त्याच कागदात हेही म्हटलंय की हा इशारा म्हणजे गरिबीकडे पाठ फिरवणाऱ्यांना मिळालेली मुभा नव्हे. १९८६ मध्ये दुसरी सूचना आली, ती बरीच सकारात्मक. त्याच वर्षी पोप जॉन पॉल यांनी ब्राझीलच्या बिशपांना पत्र लिहिलं की ही थिऑलॉजी केवळ वेळेवर आलेली नाही तर उपयुक्त आणि आवश्यक आहे. हे कोणी सांगत नाही.

लाल_माती

गिरीजकर, पत्र लिहिलं हे खरं, पण पत्रानंतर काय केलं तेही बघा की.

ब्राझीलमधलं रेसिफे घ्या. डोम हेल्देर कामारा १९६४ पासून तिथले आर्चबिशप, राजवाडा सोडून चर्चमागच्या खोलीत राहायचे. मी गरिबांना जेवण देतो तेव्हा मला संत म्हणतात, ते गरीब का आहेत असं विचारलं की कम्युनिस्ट म्हणतात, हे त्यांचंच वाक्य. १९८५ मध्ये ते निवृत्त झाले. रोमनं जागी आणला चर्चच्या कायद्याचा जाणकार माणूस. त्यानं जमिनीवर काम करणाऱ्या फादरांना बाजूला केलं आणि १९८९ मध्ये कामारांच्या काळातल्या तिथल्या दोन शिक्षणसंस्था रोमच्या आदेशानं बंद झाल्या, जिथे भावी फादर झोपडपट्टीत राहून शिकायचे.

साओ पावलो घ्या. कार्डिनल आर्न्स यांनी बिशपचा बंगला विकून त्या पैशातून वस्त्यांमध्ये समाजकेंद्रं काढली. १९७५ मध्ये पत्रकार व्लादिमीर हेर्झोग लष्कराच्या कोठडीत मेला, सरकार म्हणालं आत्महत्या, तेव्हा आर्न्स यांनी ज्यू रब्बी आणि प्रोटेस्टंट पाळक यांच्यासोबत कॅथेड्रलमध्ये प्रार्थना ठेवली आणि हजारो लोक आले, लष्करी हुकूमशाहीच्या नाकासमोर. छळाच्या कोर्टातल्या नोंदी चोरून फोटोकॉपी करून जो अहवाल १९८५ मध्ये छापला गेला त्यामागेही तेच होते. या माणसाचं बक्षीस काय, तर १९८९ मध्ये रोमनं त्यांच्या आर्चडायोसिसचे तुकडे केले आणि गरीब उपनगरं नेमकी त्यांच्या हातून काढून घेतली.

लेओनार्दो बोफ यांना १९८५ मध्ये गप्प राहायची शिक्षा झाली, शेवटी १९९२ मध्ये त्यांनी झगा उतरवला. बोफना रोमला चौकशीला बोलावलं तेव्हा पाठीशी उभं राहायला दोन ब्राझिलियन कार्डिनल सोबत गेले होते, आर्न्स आणि लोर्शायडर. पुढे त्या फळीचे लोक निवृत्त होत गेले आणि त्यांच्या जागी तशी माणसं आलेच नाहीत. धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत.

केतकी

बापरे, आर्न्स यांच्याबद्दल पहिल्यांदाच कळलं. लाल_माती, तुमचे प्रतिसाद वाचायला वेगळी सुट्टी काढावी लागेल, पण लिहीत राहा.

अण्णा७१

मी जरा विरुद्ध बाजूनं बोलतो, राग नसावा. धर्मगुरूंनी राजकारणात उतरू नये हे माझं जुनं मत आणि लॅटिन अमेरिकेनं ते खरं करून दाखवलं. कामिलो तोरेस बघा, कोलंबियाचा फादर, हुशार समाजशास्त्रज्ञ, बोगोतात समाजशास्त्राचं शिक्षण उभं करणाऱ्यांपैकी एक, शेवटी सशस्त्र बंडखोरांना जाऊन मिळाला आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये पहिल्याच चकमकीत मारला गेला. कोणाचं भलं झालं? निकाराग्वात १९७९ ला सांदिनिस्ता हे डावे क्रांतिकारक सत्तेवर आले आणि फादर लोक मंत्री झाले, परराष्ट्रमंत्री मिगेल देस्कोतो, सांस्कृतिक मंत्री कवी एर्नेस्तो कार्देनाल, त्यांचे भाऊ फेर्नांदो शिक्षणमंत्री. ४ मार्च १९८३ ला पोप जॉन पॉल मानाग्वाच्या विमानतळावर उतरले तेव्हा कार्देनाल गुडघे टेकून बसले आणि पोपनी सगळ्या कॅमेऱ्यांसमोर त्यांना बोट दाखवून झापलं, तो फोटो तेव्हाच्या पेपरात पाहिलेला मला आठवतो. लोकांना वाटलं पोप निर्दय आहेत. आज त्याच सांदिनिस्ता नेत्याचं, ओर्तेगाचं सरकार काय करतंय? बिशप रोलांदो आल्वारेस यांना २६ वर्षांची शिक्षा ठोठावली, २०२४ च्या जानेवारीत देशाबाहेर काढलं, मानाग्वाचं येसूसंघीयांचं विद्यापीठ २०२३ मध्ये जप्त केलं. मग पोपचं बोट चुकीचं होतं का?

लाल_माती

अण्णा, तुमच्या वयाचा मान ठेवून सांगतो, निकाराग्वाची अर्धीच गोष्ट सांगितलीत.

कार्देनालनी १९९४ मध्येच सांदिनिस्ता पक्ष सोडला, ओर्तेगाची एकाधिकारशाही दिसल्यावर. नंतरची पंचवीस वर्षं ते त्याच्याविरुद्ध बोलत राहिले. २०२० च्या मार्चमध्ये ते गेले तेव्हा मानाग्वाच्या कॅथेड्रलमध्ये त्यांच्या अंत्यविधीच्या मिस्सेत ओर्तेगाचे समर्थक घुसले आणि देशद्रोही म्हणून ओरडले. त्याच्या वर्षभर आधी पोप फ्रान्सिसनी त्यांच्यावरची बंदी, मंत्रिपदामुळे रोमनं घातलेली फादर म्हणून काम करण्यावरची, उठवली होती, तेव्हा ते ९४ वर्षांचे आणि हॉस्पिटलमध्ये होते. म्हणजे ज्या माणसाला रोमनं हुकूमशाहीचा साथीदार मानलं त्याच माणसानं त्या हुकूमशाहीचा विरोध मरेपर्यंत केला. आणि १९८० ची साक्षरता मोहीम विसरू नका, फेर्नांदो कार्देनालनी चालवली, शाळाकॉलेजातली पोरं खेड्यात जाऊन राहिली आणि शेतकऱ्यांना वाचायला शिकवलं.

कामिलो तोरेसचं म्हणाल तर तो मेला तेव्हा मेडेयिनची परिषद व्हायची होती. बंदूक हातात घेतलेले फादर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चळवळीचा चेहरा होते कामारा, आणि ते अहिंसावादी, गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग यांना मानणारे.

सोनचाफा

मी काही वर्षं साओ पावलोत कामाला होते, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते. तुम्ही सगळे रोम आणि लष्कर एवढ्यावरच बोलताय, पण तिथल्या वस्तीत गेलात तर वेगळंच दिसतं. आमच्या ऑफिसची साफसफाई करणारी बाई कॅथलिक घरात वाढलेली, आता असेंब्ली ऑफ गॉड या पेंटेकोस्टल प्रोटेस्टंट चर्चमध्ये जाते. मी तिला विचारलं का गं? तिनं सरळ सांगितलं, आमच्या गल्लीत फादर महिन्यातून एकदा यायचा, पास्टर आमच्याच गल्लीत राहतो, रात्री दोन वाजता पोरगं आजारी पडलं तर तो उठतो. शिवाय तिचा नवरा दारू प्यायचा तो त्या चर्चात गेल्यावर थांबला, त्यामुळे घरात पैसे उरायला लागले.

ब्राझीलमध्ये १९७० च्या जनगणनेत सुमारे ९२ टक्के लोक कॅथलिक होते. २०२२ च्या जनगणनेत ते ५६.७ टक्क्यांवर आलेत आणि इव्हँजेलिकल (पेंटेकोस्टल धरून) २६.९ टक्के झालेत. तिकडे एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं, लिबरेशन थिऑलॉजीनं गरिबांना निवडलं आणि गरिबांनी पेंटेकोस्टल चर्चला निवडलं. ते मला थोडं क्रूर वाटतं, कारण जिथे त्या छोट्या गटांचं काम जोरात होतं तिथून लोक गेले की जिथे ते कधी पोचलेच नाहीत तिथून, हे त्या वाक्यात येत नाही. पण बाईला आज संध्याकाळी जो आधार हवा होता तो तिला त्या छोट्या हॉलमध्ये मिळाला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. समाज बदलायची भाषा बोलणाऱ्यांना दारुड्या नवऱ्याचा प्रश्न लहान वाटला की काय अशी मला शंका येते.

गिरीजकर

सोनचाफाताई, हा प्रतिसाद फार आवडला. हेच मी आमच्याकडे पण म्हणतो, माणसाला प्रार्थनाही लागते.

हरेगावची_वाट

मी श्रीरामपूरकडचा, हरेगावच्या मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला लहानपणापासून जाणारा. आमची आजोबांची पिढी ख्रिस्ती झाली ती गावकुसाबाहेरून. म्हणून माझा प्रश्न थोडा वेगळा आहे.

गुतिएरेस काय म्हणत होते ते नीट बघा. ६० च्या दशकात सगळे विकास विकास म्हणत होते, अमेरिकेचा पैसा येत होता, आणि हे म्हणाले की विकास हा शब्द पुरत नाही, कारण गरीब देश मागे राहिलेले नाहीत, त्यांना मागे ठेवलंय. तुमची गरिबी आणि माझी श्रीमंती एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. म्हणून मुक्ती. लिमाच्या रिमाक वस्तीत स्वतः राहून ते हे लिहीत होते.

आता आमच्याकडचं बघा. अहमदनगर जिल्ह्यात हर्मन बाखर नावाचे स्विस येसूसंघीय फादर आले, पाणलोटाचं केवढं काम उभं केलं, दुष्काळी गावांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध, चर, झाडं. हजारो कुटुंबांना पाणी मिळालं, त्यांच्याबद्दल आमच्याकडे आजही आदरानं बोलतात आणि मीही बोलतो. पण ते विकासाचं काम होतं. ज्याला जमीन आहे त्याच्या विहिरीला पाणी वाढलं. ज्याला जमीनच नाही त्याचं काय, हा प्रश्न गुतिएरेस विचारतात.

आणि भारतातल्या चर्चला दुसरा प्रश्न आहे, जातीचा. तामिळनाडूत कित्येक गावांत दलित ख्रिश्चनांची दफनभूमी वेगळी होती, चर्चमध्ये बसायच्या जागा वेगळ्या होत्या. वर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिश्चनांना अनुसूचित जातीच्या सवलती नाहीत. लॅटिन अमेरिकेतले लोक वर्गाबद्दल बोलत होते, आमच्याकडे ते जसंच्या तसं लागू होत नव्हतं, म्हणून ८० च्या दशकात इथे दलित थिऑलॉजी निघाली, अरविंद निर्मल यांनी बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमधून ती मांडली. ते प्रोटेस्टंट परंपरेतले. कॅथलिक सेमिनरीत, जिथे फादर घडतात, ती किती शिकवली जाते, हे इथल्या कोणी फादरांनी सांगावं.

बार्देशकार

गोंयच्यान नमस्कार. कोणी रापणकारांचा, म्हणजे किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचा, उल्लेख केला नाही म्हणून लिहितो. ७० च्या दशकात आमच्या किनाऱ्यावर ट्रॉलर आले आणि रापण ओढणाऱ्यांची मासळी गेली. तेव्हा मातान्ही साल्दान्हा यांच्यासोबत जे आंदोलन उभं राहिलं त्यात फादर आणि सिस्टरही होत्या. साल्दान्हा पुढे राष्ट्रीय मच्छीमार फोरमचे पहिले अध्यक्ष झाले. केरळात तर १९८४ मध्ये सिस्टर आणि फादर उपोषणाला बसले, पावसाळ्यात ट्रॉलर बंद करा म्हणून, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ. फादर थॉमस कोचेरी हे त्यातलं मोठं नाव. बरेचसे बिशप नाराज होते, सिस्टरनी रस्त्यावर बसू नये वगैरे. पण १९८८ मध्ये केरळ सरकारनं पावसाळी ट्रॉलिंगबंदी लागू केली. आज कोकणात आणि गोव्यात जून-जुलैत बोटी किनाऱ्याला ओढलेल्या दिसतात त्याच्यामागे या लोकांची भूक आहे. त्यातल्या किती जणांनी गुतिएरेस वाचला होता मला माहीत नाही, पण हरेगावची_वाट म्हणतात तो प्रश्न त्यांनी विचारला होता, समुद्र कोणाचा?

केतकी

बार्देशकार, हे माहीतच नव्हतं. आमच्याकडे जून आला की बाबा फक्त मासे महाग झाले म्हणून कुरकुर करायचे.

अण्णा७१

मासेमारी, पाणी, यात फादरांनी पुढाकार घेतला तर माझी हरकत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईचं आंदोलन केलं, टँकरनं पाणी उपसणाऱ्यांना अंगावर घेतलं, तेव्हा मी त्यांचा चाहता झालो. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे २०२० मध्ये ते अध्यक्ष झाले तेव्हा विरोध करणाऱ्यांशी मी वाद घातलाय. माझा आक्षेप सत्तेच्या खुर्चीला आहे. फादरांनी मंत्री होऊ नये.

गिरीजकर

अण्णा, इथे आपलं जुळलं. दिब्रिटो फादरांना कुठल्या लॅटिन अमेरिकन चौकटीत बसवायला मी तयार नाही, ते ज्ञानोबा-तुकोबा आणि बायबल एका दमात बोलणारे होते. पण आपल्या माणसांची विहीर आटली तर वेदीवरून खाली उतरायचं, हे रोमेरोंनी केलं आणि त्यांनीही.

लाल_माती

मग फादर स्टॅन स्वामींचं नाव पण घ्या. ब्रुसेल्सला शिकत असताना त्यांची आणि हेल्देर कामारांची मैत्री झाली होती, म्हणजे थेट धागा आहे. आयुष्य झारखंडच्या आदिवासींत गेलं, जंगल-जमिनीचे हक्क आणि वर्षानुवर्षं खटल्याविना तुरुंगात पडलेली आदिवासी पोरं, हे त्यांचं काम. ८ ऑक्टोबर २०२० ला एल्गार परिषद प्रकरणात अटक, वय ८३, कंपवातानं हात थरथरायचे म्हणून पाणी प्यायला सिपर मागितला तर त्यासाठी कोर्टात अर्ज करावा लागला. आरोप त्यांनी शेवटपर्यंत नाकारले. ५ जुलै २०२१ ला वांद्र्याच्या हॉस्पिटलमध्ये गेले, खटला सुरूही न होता.

अण्णा७१

त्या प्रकरणावर माझं मत राखून ठेवतो, पण सिपरची गोष्ट वाचून मलाही वाईट वाटलं होतं, म्हाताऱ्या माणसाला असं वागवू नये.

आडवाट

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. काहींना उत्तर देतो.

गिरीजकर, रोमेरोंवर शिक्का मारू नये हे मान्य. पण रोमेरोंना गोळी घालणाऱ्यांनी हा भेद केला नव्हता. १९७७ मध्ये एल साल्वाडोरमध्ये पत्रकं वाटली जात होती, देशभक्त व्हा, एका फादरला मारा. त्याच वर्षी एका उजव्या टोळीनं सगळ्या येसूसंघीयांना महिनाभरात देश सोडायची धमकी दिली. २ डिसेंबर १९८० ला चार अमेरिकन महिला, तीन सिस्टर आणि एक मिशनरी, राष्ट्ररक्षक दलाच्या जवानांनी बलात्कार करून मारल्या. १६ नोव्हेंबर १९८९ च्या रात्री सैन्याच्या आत्लाकात्ल बटालियननं येसूसंघीय विद्यापीठात घुसून इग्नासियो एयाकुरिया आणि पाच येसूसंघीय सहकाऱ्यांना मारलं, शिवाय स्वयंपाक करणारी बाई आणि तिची सोळा वर्षांची पोरगी, साक्षीदार उरू नयेत म्हणून. हे सैन्य अमेरिकेच्या पैशावर चालत होतं, आणि फेब्रुवारी १९८० मध्ये रोमेरोंनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांना पत्र लिहून तीच मदत थांबवायची विनंती केली होती. मदत थांबली नाही.

सोनचाफाताई, तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे आणि माझ्या मूळ मतात तो बसत नाही. पण एक विचार करा, फादर महिन्यातून एकदाच यायचा ही अडचण त्या चळवळीला आधीच दिसली होती आणि छोटे गट निघाले ते त्याचसाठी, फादर नसताना गल्लीतल्याच बाईनं बायबल उघडावं म्हणून. गट ज्या बिशपांनी वाढवले ते गेले आणि नव्यांना सगळं पुन्हा फादरच्या हातात हवं होतं. तेवढ्यात तिथे पास्टर येऊन राहिला. म्हणजे तुमची गल्ली आणि लाल_मातींचं रेसिफे ही एकच गोष्ट आहे असं मला वाटतं.

आणि सगळं संपलं असंही नाही. ब्राझीलच्या बिशपांच्या छत्राखाली १९७५ मध्ये निघालेलं जमीन-सेवाकेंद्र, त्याला तिकडे सीपीटी म्हणतात, १९८५ पासून दरवर्षी जमिनीवरून झालेल्या भांडणांची, हाकलून दिलेल्या कुटुंबांची आणि खुनांची नोंद छापतं. भूमिहीनांची एमएसटी चळवळ १९८४ मध्ये उभी राहिली तिच्या मुळाशी याच चर्चमधले लोक होते. सिस्टर डोरोथी स्टँग याच कामात होत्या, ७३ वर्षांच्या, १२ फेब्रुवारी २००५ ला पारा राज्यातल्या आनापूजवळ जंगलात सहा गोळ्या घालून मारल्या, कारण त्या गरीब शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी लाकूडवाले आणि गुरांवाले जमीनदार यांच्या आड येत होत्या. म्हणजे हुकूमशाही जाऊन वीस वर्षं झाली तरी.

सोनचाफा

आडवाट, गल्लीचा मुद्दा पटला, निम्मा तरी. उरलेला निम्मा असा की त्या बाईला गटात जाऊन चर्चा करायची नव्हती, तिला गाणी म्हणायची होती, रडायचं होतं, कोणीतरी डोक्यावर हात ठेवायला हवा होता. पण सीपीटीच्या वार्षिक नोंदीबद्दल लिहिलंत ते बरं केलंत, तिकडच्या पेपरांत दरवर्षी त्याच आकड्यांवर बातम्या येतात, सरकारलाही ते नाकारता येत नाहीत.

गिरीजकर

आता पोप लिओ पेरूमधून आलेत हेही लक्षात घ्या, कित्येक वर्षं तिथे मिशनरी, नंतर चिक्लायोचे बिशप. फ्रान्सिसनी सुरू केलेलं गरिबांबद्दलचं पत्र त्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण करून काढलं. गुतिएरेस ऑक्टोबर २०२४ मध्ये गेले, त्यांना फ्रान्सिसनी २०१३ मध्येच व्हॅटिकनमध्ये भेटायला बोलावलं होतं. माझ्या मते रोम बदललंय, वेळ लागला पण बदललंय.

हरेगावची_वाट

गिरीजकर, आनंद आहे. पण मूळ प्रश्नाकडे जाऊ. धागाकर्त्यानं विचारलंय की पुढे काय झालं, आणि कोणी खटल्याबद्दल बोललंच नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन आयोगाचा अहवाल मार्च १९९३ मध्ये आला, त्यात रोमेरोंच्या खुनाचा हुकूम निवृत्त मेजर रोबेर्तो दाउब्युइसोन यांनी दिला असं नाव घेऊन लिहिलंय. ते आदल्याच वर्षी आजारानं गेले होते, कधीही कोर्टात उभे न राहता, त्याआधी निवडणुका लढवून, उजव्या पक्षाचे संस्थापक म्हणून. अहवाल आल्यावर पाच दिवसांत एल साल्वाडोरच्या संसदेनं सर्वांना माफीचा कायदा केला. तो कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये रद्द केला, म्हणजे २३ वर्षं कोणाला हात लावता आला नाही. एयाकुरियांच्या खुनाबद्दल माजी कर्नल मोंतानो यांना शिक्षा झाली ती २०२० मध्ये, आणि तीही स्पेनच्या कोर्टात, कारण मारलेल्यांत पाच स्पॅनिश होते. रोमेरोंच्या खुनासाठी एल साल्वाडोरमध्ये आजवर एकालाही शिक्षा झालेली नाही.

चर्चनं त्यांना संत केलं, चांगलं केलं, मी पण त्यांच्याकडे प्रार्थना करतो. २०२२ मध्ये रुतिलिओ ग्रांदे यांच्याबरोबर तो म्हातारा शेतकरी आणि तो पोरगा या दोघांनाही धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, ते तर मला सगळ्यात आवडलं. पण तिथल्या गृहयुद्धात मेलेल्या बाकीच्या पंचाहत्तर हजारांसाठी, त्यातले बहुतेक आमच्यासारखेच बिनजमिनीचे, कोर्टात कोण उभं राहणार? तिथल्या आर्चडायोसिसनं मानवी हक्कांचं कायदा-मदत कार्यालय चालवलं होतं, त्यांच्याकडे साक्षींचे कागद गोळा होत होते. ते २०१३ मध्ये आर्चडायोसिसनंच एका दिवसात बंद केलं.

आडवाट

हो, तुतेला लेगाल. रोमेरोंच्या काळातल्या मदत कार्यालयानंतर १९८२ मध्ये आर्चबिशप रिवेरा दामास यांनी ते उभं केलं होतं, खून, बेपत्ता माणसं आणि कत्तलींच्या हजारो तक्रारी तिथे नोंदलेल्या होत्या. ३० सप्टेंबर २०१३ ला कर्मचारी सकाळी आले तर कुलपं बदललेली. आणि हे नेमकं तेव्हा, जेव्हा माफीच्या कायद्याविरुद्धची याचिका कोर्टानं नुकतीच दाखल करून घेतली होती. हे माझ्या पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. त्या कागदांवर वेगळा धागा काढतो, हरेगावची_वाट, तुम्ही पण लिहा.